फिल्मला मारलेली थाप

आईच्या सुरकुत्या गायब झाल्या आणि तिथून रविराजची झोप उडाली.

रविराजची मुलगी आरोही हिच्या साखरपुड्यात त्याचा भाचा ओमकार, पुण्याला नोकरी करणारा, नवा मोबाईल घेऊन मिरवत होता. त्याने आजीचा, म्हणजे रविराजच्या आईचा, फोटो काढला आणि तिथल्या तिथे मोठा करून तिच्यापुढे धरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाळाबाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, मग पदराने काच पुसून पुन्हा पाहिला.

“ही कुणाची बाई रं?”

“आजी, तूच की ती.”

“मी? मग माझ्या सुरकुत्या कुठं गेल्या?”

मोबाईल आपोआप चेहरा साफ करतो, असं ओमकारने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

“अठ्ठ्याहत्तर वर्सं लागली त्या यायला,” बाळाबाई म्हणाल्या, “आणि ह्यानं एका दमात इस्त्री फिरवली व्हय? मैद्याचा गोळा दिसाय लागलोय मी.”

सगळे हसले. रविराजही हसला, पण आतून त्याला ते लागलं. बेळगावच्या एका कॉलेजच्या ऑफिसात तो सुपरिंटेंडेंट होता. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या टेबलावरून एकही अर्ज रिकाम्या रकान्यासह पुढे गेला नव्हता. आणि इतक्या व्यवस्थित माणसाच्या घरात स्वतःच्या आईचा एक धड फोटो नसावा? जुन्या अल्बमांत ती होती, पण प्रत्येक फोटोत फ्लॅश उडताच डोळे मिटलेली, उभ्याउभ्या झोप लागल्यासारखी. आधार कार्डावरच्या फोटोचा विषय घरात काढायचा नाही, असा ठरावच होता.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर बाळाबाईंनी जाहीर केलं, “आरोहीच्या लग्नाचं मांडं मी करणार. पर ते शेवटचं. हात थरथरतोय आता. मग खापर देऊन टाकायचं.”

बाळाबाई राहत त्या बेळगुंदीत आणि आसपासच्या गावांत चाळीस वर्षं कुणाचंही लग्न निघालं, की आधी बाळाबाईंना बोलावणं जायचं. पालथं घातलेलं मातीचं खापर, त्याच्याखाली जाळ, आणि त्याच्यावर त्या हातांवर झुलवत झुलवत पसरलेला मांडा टाकायच्या. मांडा असा पातळ, की ताटात वाढल्यावर ताटावरचं नाव वाचता यावं. ते सगळं आता संपणार, हे ऐकून रविराजला काय झालं कुणास ठाऊक. तो ताडकन उठला आणि म्हणाला, “आईचा मांडे करतानाचा फोटो मी काढणार.”

रविराजने आयुष्यात एकच फोटो काढला होता, तोही कॉलेजच्या भिंतीला गेलेल्या तड्याचा, फाईलला जोडायला.

“काढ,” बाळाबाई म्हणाल्या. “पर फ्लॅश उडवायचा न्हाय, डोळ्याच्या आपरेशनपास्नं सुया टोचल्यागत हुतंय. दार उघडायचं न्हाय. बल्ब लावायचा न्हाय. आणि ‘आई, हिकडं बघ’ म्हणायचं न्हाय.”

या अटी लहर म्हणून घातलेल्या नव्हत्या. वारा लागला तर पसरलेला मांडा फाटतो, म्हणून मागच्या पडवीची दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. आणि बल्ब नको, कारण मांडा खापरावर टाकण्याआधी बाळाबाई तो क्षणभर जाळासमोर धरायच्या. पलीकडचा उजेड मांड्यातून आरपार यायचा. जिथे सावली दिसेल तिथे मांडा जाड राहिला, असा हिशेब. ट्यूबलाइटमध्ये ते काही कळत नाही. म्हणजे बाहेर भर दुपार असली तरी आत फक्त चुलीचा जाळ, आणि त्या जाळाच्या उजेडात फोटो. ओमकारने जाण्यापूर्वी मोबाईलवर एक प्रयोग करून पाहिला. मोबाईलने पडवीचं मंगल कार्यालय केलं आणि आजीचा पुन्हा मैदा केला.

तेव्हा रविराज आण्णाप्पांकडे गेला. आण्णाप्पा म्हणजे बेळगावात, शहापुरात, रविराजच्या गल्लीतच राहणारे जुने फोटोग्राफर. स्टुडिओ बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि डार्करूमचं मालुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, देवघर केलं होतं. एवढी अंधारी आणि शांत खोली नुसती ठेवून काय करायची, असं त्यांचं म्हणणं. आण्णाप्पांची घरची बोली कन्नड, पण फोटोवर बोलताना ते मराठीत येत, कारण बोलणं लांबणार असलं की समोरच्याला नीट समजलं पाहिजे.

“सोपं हाय,” कपाटातून जुना कॅमेरा काढत ते म्हणाले. “चारशेची फिल्म घालायची आणि कॅमेऱ्याला सांगायचं, ही सोळाशेची हाय, कमी उजेडात चालणारी. थाप मारायची. कॅमेरा बिचारा भोळा. तो चौथाई उजेडात बी फोटो काढून देतोय. मग रोल धुताना औषधात जास्त वेळ ठेवायचं. ह्याला पुश करणं म्हणत्यात.”

“म्हणजे खोटी माहिती भरायची?” रविराजने विचारलं. त्याचा आवाज जरा खाली गेला होता.

“भरायची. आणि एकदा भरलीस, की छत्तीसच्या छत्तीस फोटोंना तीच भरायची. मधीच खरं बोललास तर रोल गेला म्हणून समज. सगळा रोल एकाच औषधात, एकाच वेळी निघतोय.”

अठ्ठावीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीनंतर एका निर्जीव वस्तूला फसवण्याची पाळी आपल्यावर यावी, याचं रविराजला वाईट वाटलं.

“आणि दाणे येणार, आधीच सांगतो,” आण्णाप्पा म्हणाले. “ग्रेन. फोटोभर बारीक बारीक दाणे. तुझ्या मोबाईलचा मैदा, तर ह्याचा रवा.”

मांडे रव्याचेच असतात. रविराजने कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला.

फिल्मचे दोन रोल आणि धुण्याचं औषध मुंबईहून मागवलं. पार्सल आलं, पण घरी आलं नाही. कुरियरच्या ऑफिसातून फोन आला, की स्वतः येऊन खुलासा करा. काउंटरवरच्या मुलीने पाकिटावरची ओळ वाचून दाखवली आणि विचारलं, “पांढरी पावडर आहे. अर्धा किलो. कशाला लागते?”

“फोटो धुवायला.”

“फोटो धुतात?”

मागे रांगेत उभ्या असलेल्या सात जणांनी रविराजकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यात त्याच्या कॉलेजातले दोन विद्यार्थी होते. मुलीने हमीपत्राचा कन्नड नमुना पुढे केला. रविराज कन्नड फाडफाड बोलायचा, पण वाचताना बोट ठेवून वाचायचा. वीस मिनिटं तो बोट ठेवून वाचत राहिला. पावडर माणसाला, जनावराला व सरकारला अपाय करणार नाही, असं त्याने लिहून दिलं. मुलीने कागद पाहिला आणि परत केला. रकाना नऊ रिकामा राहिला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे रिकामे रकाने पकडणाऱ्या माणसाला हे फार झोंबलं. नववा रकाना दोनदा तपासून भरला आणि पार्सल काखेत मारून तो घरी आला.

तोवर गल्लीला बातमी लागली होती. शेजारचे यल्लाप्पा, वीज खात्यातून रिटायर झालेले, संध्याकाळी स्वतःहून आले. जगातला प्रत्येक प्रश्न ते वायरने सोडवत. “पाचशेचा हॅलोजन टाकूया,” ते म्हणाले. हॅलोजन आईला चालत नाही म्हटल्यावर, “मग आईला गॉगल घालूया,” असं त्यांनी सुचवलं. जाळासमोर काळा गॉगल लावून मांडे करणारी आई रविराजच्या डोळ्यांपुढे आली आणि त्याने चहा मागवून विषय बदलला.

लग्नाच्या आदल्या दिवशी बेळगुंदीला मांड्यांचा घाट घातला. पडवीची दारं लागली. आत बाळाबाई, मदतीला रविराजची बायको रूपाली, आणि कोपऱ्यात धान्याच्या कणगीला पाठ लावून रविराज. कॅमेऱ्याला थाप मारून झाली होती. बाहेर बारा वाजले होते आणि आत जाळापलीकडे काही दिसत नव्हतं. धुराने त्याचे डोळे वाहायला लागले. पहिले दोन फोटो काढून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की लेन्सची टोपी काढलीच नव्हती. अंधारात त्याला फरक कळला नव्हता. पुढचे सात फोटो त्याने मन लावून काढले. ते रूपालीच्या कोपराचे होते, हे नंतर कळलं.

“अहो, मी सरकू का?” तिने मधेच विचारलं.

“नको, नको. नैसर्गिक राहा,” तो म्हणाला. असं म्हणायचं असतं, हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं.

मग हळूहळू त्याला दिसायला लागलं. आईचे हात थरथरत होते खरे, पण कणीक मनगटावर आली की थरथर थांबायची. चाळीस वर्षं ती हे करत होती आणि आपण त्या वेळी बाहेर मांडवात पंगतीची वाट बघत बसायचो, हे आठवून रविराजला स्वतःची लाज वाटली. ती मांडा जाळासमोर धरायची, एक श्वासभर थांबायची. त्या एका श्वासात तो बटण दाबायचा. टोपीचे आणि कोपराचे धरून एकतीस फोटो झाले.

दुसऱ्या दिवशी लग्न पार पडलं. निरोपाच्या वेळी बाळाबाईंनी हळद-कुंकू वाहून खापर आरोहीच्या सासूबाईंच्या, संकेश्वरच्या मनुबाईंच्या, हाती दिलं. “माझं संपलं,” एवढंच त्या म्हणाल्या. मनुबाईंनी वाकून नमस्कार केला आणि खापर संकेश्वरला गेलं.

आता रोल आण्णाप्पांकडे द्यायचा, की झालं. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण रोलमध्ये पाच फोटो शिल्लक होते. टूथपेस्ट कापून आतली काढणाऱ्या घरात पाच कोरे फोटो धुवून टाकायचे? रविराजचा हात होईना. वाया काही घालवायचं नाही, या एका गुणाने तो आजवर तगला होता, आणि त्याच गुणाने त्याला रविवारी संध्याकाळी कॅम्पात नेलं.

कॅम्पातलं जुनं चर्च त्याने चार कोनांतून टिपलं. पाचव्या फोटोसाठी तो मागे मागे सरकत गेला. पाठीला एक फाटक लागलं, आणि फाटकामागून आवाज आला, “ए! क्या कर रहे हो?”

फाटक मिलिटरीचं होतं. जवान तरुण होता आणि त्याच्या हातात बंदूक होती. दचकून वळताना रविराजच्या बोटाने पाचवा फोटो काढून टाकला.

“फोटो लिया? दिखाओ.”

रविराजने कॅमेरा पुढे केला. जवानाने तो उलटा करून पाहिला. “स्क्रीन किधर है?”

“नहीं है.”

“टूट गया?”

“पहले से ही नहीं है.”

“तो डिलीट करो.”

“डिलीट होता नहीं,” रविराज म्हणाला आणि हे आपण फार संशयास्पद बोललो, हे त्याला बोलता बोलताच कळलं.

पाच मिनिटांत तो गार्डरूमच्या बाकावर बसला होता. पायातली चप्पल, इस्त्रीची पँट, खिशाला पेन, सगळं जागच्या जागी होतं, फक्त अब्रूचा पत्ता नव्हता. येणारा-जाणारा प्रत्येक जवान त्याच्याकडे बघून जात होता. सुभेदार आले. छातीवर नाव होतं भावकू नाईक. चंदगडकडचे निघाले. त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “फिल्मचा हाय न्हवं? मग मागचं झाकण उघडा. उजेड लागला की सगळं पुसलं जातंय. तुम्ही मोकळं, आम्ही मोकळं.”

रविराजने आयुष्यात शिपायावरसुद्धा आवाज चढवला नव्हता. त्याने कॅमेरा पोटाशी धरला आणि म्हणाला, “न्हाय उघडणार.”

“काय म्हणालासा?”

“आत माझी आई हाय.”

सुभेदारांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग रविराजकडे. मग जवानाला पाणी आणायला सांगितलं.

“आई म्हणजे, आईचे मांडे,” रविराज घाईघाईने सांगू लागला. “शेवटचे. आता ती करणार नाही. खापर देऊन टाकलं. एकतीस फोटो आहेत साहेब. बाकीचे चार चर्चचे आणि एक तुमच्या फाटकाचा, तोही चुकून. माझ्या आईचा दुसरा धड फोटोच नाही हो घरात.”

सुभेदार पुढे वाकले. “खापरावरचं मांडं?”

“व्हय.”

“कुठलं गाव?”

“बेळगुंदी.”

“अकरा वर्सं झाली खाऊन,” सुभेदार स्वतःशी म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी वही ओढली. “नियम तो नियम. कॅमेरा हितं राहणार. रोल धुणार त्या दिवशी मी सोबत येणार. माझ्या नजरेसमोर धुवायचा, आणि फाटक दिसलं तर तेवढा तुकडा कापून मी घेणार. करा सही.” या वेळी रविराजने एकही रकाना रिकामा सोडला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी सुभेदार साध्या शर्टात, हातात कॅमेरा घेऊन शहापुरात आले. आण्णाप्पांची डार्करूम देवाच्या ताब्यात असल्याने रोल रविराजच्या बाथरूममध्ये धुवायचा होता. कॅमेऱ्यातली फिल्म काढून झाकणाच्या डब्यात भरेपर्यंत सुईएवढाही उजेड चालणार नव्हता. दारावर वाकळ ठोकली. यल्लाप्पांनी अखेर आपल्या विद्येचा उपयोग होतोय या आनंदात घराचे सगळे फ्यूज काढून खिशात घातले. ‘नजरेसमोर’ असं लिहून दिलेलं असल्याने सुभेदारही आत गेले. बाथरूम एका माणसाच्या आंघोळीपुरतं होतं. सुभेदार उलट्या बादलीवर बसले, रविराज मोरीत उकिडवा.

“काय दिसतंय काय साहेब?” बाहेरून आण्णाप्पांनी विचारलं.

“काय बी न्हाय.”

“मग बरोबर हाय.”

गडद अंधारात रविराज फिल्म चकरीवर गुंडाळू लागला. ती निम्म्यात अडकली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. पुन्हा पुन्हा थांबलेला आईचा श्वास आता त्याच्या ओल्या बोटांत होता आणि बोटं ऐकत नव्हती. तेवढ्यात अंधारातून सुभेदारांचा आवाज आला, “दम घ्या. बंदूक बी आम्ही डोळं बांधून जोडतो. घाई करायची न्हाय. बोटांना ठावं असतंय.” रविराजने दम घेतला. फिल्म सरळ झाली. डब्याचं झाकण लागलं.

पुढचं काम उजेडात होतं. औषध ओतायचं आणि दर मिनिटाला डबा हलवायचा. साध्या रोलला दहा मिनिटं, आपल्या थापेसाठी सोळा. सुभेदारांनी घड्याळ हातात घेतलं आणि परेडच्या आवाजात मोजायला सुरुवात केली. गल्लीतली पोरं कवायत बघायला दारात जमली. सोळा मिनिटं झाली, औषध ओतून दिलं, आणि हात धुवायला म्हणून आण्णाप्पांनी औषधाची बाटली ठेवलेल्या बादलीत बोटं बुडवली.

“अय्यो! हे गरम कसं?”

“मीच गरम पाणी ओतलं,” रूपाली म्हणाली. “थंडीचं त्या गार पाण्यात हे तासभर हात घालून बसणार. मला बघवेना.”

औषध थंडच ठेवायचं असतं, गरम झालं की ते फिल्मला भलतंच चढतं आणि दाणा फुगतो, हे आण्णाप्पांनी सांगितलं. सांगताना ते भिंतीला टेकले होते. रूपालीचा चेहरा उतरला. रविराज तिच्यावर रागावणार होता, पण आपल्या हातांची एवढी काळजी या जगात आणखी कोण करतं, हेही त्याला कळत होतं. तो नुसताच “असू दे” म्हणाला.

फिल्म दोरीवर वाळत घातली. रूपालीनेच मग धाकधुकीने मोबाईल तिच्यावर धरला. मोबाईलने काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करून दाखवलं. फोटो आले होते. पण दाणे असे, की बारीक रवा म्हणून मागवला आणि जाडा रवा आला.

सुभेदारांनी आधी कर्तव्य केलं. कॅम्पातला पाचवा फोटो भिंगाखाली दोन मिनिटं पाहिला. “हे काय हाय?”

“फाटक असावं.”

“का गोठ्याचं दार?” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “ह्यावरनं आमचं फाटक वळखणारा दुश्मन असला, तर त्याला मीच सलाम करीन. राहू दे.”

मग सगळे आईकडे वळले. धूर, कोपर, टोपी, पुन्हा धूर. रविराजचा धीर सुटत चालला. आणि एकोणिसावा फोटो आला.

बाळाबाईंच्या दोन्ही हातांवर मांडा पसरलेला होता आणि पलीकडचा जाळ त्यातून आरपार आला होता. सगळा मांडा उजळलेला, आणि त्या मांड्याच्याच उजेडात बाळाबाईंचा चेहरा. डोळे उघडे. कपाळावरच्या, गालांवरच्या, ओठांभोवतीच्या सगळ्या सुरकुत्या जागच्या जागी. आणि चेहऱ्यावर, हातांवर, अंधारावर, सगळीकडे ते दाणे, वरून कुणी रवा चाळल्यासारखे.

रविराजला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. सुभेदारांनी खिशातून रुमाल काढला, रविराजला देण्यासाठी असेल असं सर्वांना वाटलं, पण त्यांनी तो स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

कोल्हापूरहून मोठा प्रिंट करून, चौकट लावून, रविराजने फोटो बेळगुंदीला नेला. सोबत यल्लाप्पाही आले. “दाणे कॉम्प्युटरवर घालवता येत्यात,” असं ते वाटेत तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा रविराजने गाडी कडेला घेतली आणि “आता तुम्ही उतरता का?” असं विचारलं. अठ्ठावीस वर्षांत इतकं कडक तो कुणाला बोलला नव्हता.

बाळाबाईंनी फोटो मांडीवर घेतला. आधी चेहरा पाहिला. गालावरून बोट फिरवलं. “हायत. सगळ्या हायत,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. रविराजचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांचं बोट खाली मांड्यावर आलं. फिरत फिरत डाव्या कडेशी थांबलं. चष्मा मागवला. फोटो उचलून दाराच्या उजेडाला धरला, जाळासमोर मांडा धरायच्या तस्सा.

“रवी, हितं जाड हाय.”

“कुठं?”

“हे बघ की. डाव्या अंगाला. अंगठ्यापशी. सावली दिसंना व्हय तुला?”

रविराजने पाहिलं. कुणालाच दिसली नव्हती, ना आण्णाप्पांना, ना भिंग घेतलेल्या सुभेदारांना. पण आईने बोट ठेवल्यावर दिसली. अंगठ्याएवढी काळसर सावली. तिथे मांडा खरंच जाड होता.

“अगं, एवढ्याने काय होतंय?”

“एवढ्यानं?” बाळाबाई ताठ बसल्या. “मी गेल्यावर हे भितीवर लावणार तुम्ही. येणारा-जाणारा बघंल आणि म्हणंल, बाळाबाईला शेवटचा मांडा जमला न्हाय. आणि खोटं बी न्हाय ते, तुझ्या फोटोत सगळं खरं दिसतंय.” त्यांनी फोटो पालथा घातला. “माझं खापर परत आण.”

वाचकांत मुलीचे बाप असतील, तर रविराजवर काय प्रसंग आला हे त्यांना सांगायला नको. लग्नाला महिना झालेला नाही, आणि मुलीच्या बापाने विहिणीच्या दारात जाऊन, हळद-कुंकू वाहून दिलेली वस्तू परत मागायची! बेळगावपासून संकेश्वरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडताना तो वाक्य तयार करत होता. ‘सदर खापर तात्पुरत्या स्वरूपात’ असं त्याने सुरू केलं. मग ‘तात्पुरत्या’ काढून टाकलं. मग सगळंच वाक्य काढून टाकलं.

मनुबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. खापर देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवलेलं दिसत होतं. रविराजने पिशवीतला फोटो काढून पुढे केला. मग अडखळत सावली दाखवली आणि आईचं म्हणणं सांगितलं. मनुबाई फोटोकडे बघत राहिल्या. शेजारून आरोहीही वाकून बघत होती.

“खापर द्यायची न्हाय मी,” मनुबाई म्हणाल्या.

रविराजने मान खाली घातली.

“खापर जाईल तिथं मी येणार. अन् ही पोर बी. खापर दिऊन गेल्या हिच्या आजी, पर त्याच्यावर काय करायचं ते कुठं सांगितलं? महिनाभर पूजा कराय लागलोय आम्ही त्याची.”

पुढच्या रविवारी बेळगुंदीच्या पडवीची दारं पुन्हा लागली. मनुबाई आणि आरोही पदर खोचून पुढे बसल्या होत्या. रूपालीला कोपर सांभाळून बसण्याची ताकीद होती आणि ती तिने स्वतःच स्वतःला दिली होती. सुभेदार भावकू नाईक रजा टाकून आले होते आणि चौकशी अजून पूर्ण झालेली नाही, असं सांगत ताटाजवळची जागा धरून होते. आण्णाप्पा दाराबाहेर उभे. रविराज कणगीला पाठ लावून बसला. दुसरा रोल घातला, कॅमेऱ्याला पुन्हा सोळाशेची थाप मारली. या वेळी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

बाळाबाईंनी कणीक हातांवर घेतली. “बघा,” त्या दोघींना म्हणाल्या, “वढायची न्हाय. तिची तिला पसरू द्यायची.” मांडा मनगटावरून कोपराकडे उतरत गेला. हात थरथरत होते, मग थांबले. त्यांनी तो जाळासमोर धरला. उजवीकडून डावीकडे, वरून खाली, सावकाश नजर फिरवली. डाव्या अंगाला नजर जरा जास्त रेंगाळली. एक श्वास झाला, दुसरा झाला. रविराज कॅमेरा डोळ्याला लावून बसला होता. ‘आई, हिकडं बघ’ म्हणायचं नाही, ही अट त्याच्या लक्षात होती.

बाळाबाईंनी मान वळवली नाही. मांड्याकडेच बघत त्या म्हणाल्या, “रवी, आता काढ.”